कडी पुढे असलेला हार

काचेचं झाकण जमिनीवर नीट ठेवलेलं होतं. तडा नाही, ओरखडा नाही. आतली मखमली मान मात्र उघडी पडली होती. हार गायब होता.

दुपारी प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. कपडे बेतता बेतता दागिन्यांकडे वळलेल्या आणि आता हयात नसलेल्या एका नामांकित बाईंचं हे प्रदर्शन. त्यांच्या या एका हाराने दागिन्यांची तऱ्हाच पालटली होती. हाराची कडी मानेमागे न लपवता त्यांनी पुढे, डाव्या बाजूला, पानाच्या आकारात मिरवली. तेव्हापासून गल्लीबोळातल्या दुकानांतही तशाच कड्या दिसू लागल्या.

इन्स्पेक्टर बाईंनी झाकण उचलून पाहिलं. दोन्ही हात लावूनही त्यांना धाप लागली.

“सकाळी दालनात कोण कोण होतं?” त्यांनी संग्रहालयाच्या व्यवस्थापकाला विचारलं.

“बाईंची मुलगी आणि तिची मावशी, म्हणजे बाईंची धाकटी बहीण. घरची माणसं म्हणून त्यांना आधी आत सोडलं. तेवढ्यात फुलवाल्याने मला खाली बोलावलं. परत आलो तर मावशी एकट्याच इथे उभ्या. मुलगी खाली गाडीपाशी होती.”

“आजवर हार कुणाच्या ताब्यात असायचा?”

“माझ्याच. बाईंनी हयात असतानाच तो संग्रहालयाला दिला होता. इतकी वर्षं तिजोरीत होता.”

“आज आणखी काय व्हायचं होतं?”

“हार उतरवून तज्ज्ञ मागची बाजू तपासणार होते. पहिल्यांदाच. कालच मुलीच्या कानावर घातलं. ती भडकली. म्हणाली, आईच्या वस्तूला परक्यांचे हात नकोत.”

कार्यालयात मावशी बसल्या होत्या. शेजारी भाची, मांडीवर पर्स घट्ट धरून. आईच्या नावाचा व्यवसाय आता तीच चालवायची. मावशींनी चहाचा कप डाव्या हाताने उचलला. उजवा हात हलला नाही.

“हार मी घेतला,” प्रश्न यायच्या आत त्या म्हणाल्या.

“मावशी, का गं असं केलंस?” भाची म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते.

“कुठे आहे?” इन्स्पेक्टर बाईंनी विचारलं.

“टाकला.”

“कुठे टाकला?”

“आठवत नाही.”

“उजव्या हाताला काय झालंय?”

“लहानपणी झाडावरून पडले. खांदा वर जात नाही.”

मावशींच्या गळ्यात चांदीची झिजलेली साखळी होती. तिची कडीही पुढे, डाव्या बाजूलाच. इन्स्पेक्टर बाईंनी ती कडी उलटून पाहिली. मागे इवलीशी चिमणी कोरलेली होती.

“ही चिमणी कसली?”

“घरात मला चिमणीच म्हणायचे. शाळा सुटली त्या वर्षी ही साखळी मीच केली.”

“आईच्या हाराची नक्कल आहे ती,” भाची घाईघाईने म्हणाली.

“शाळा सुटली तेव्हा तो हार घडला तरी होता का?” इन्स्पेक्टर बाईंनी विचारलं.

त्यांनी व्यवस्थापकाला आत बोलावून दार लावलं.

“मावशी खोटं बोलताहेत. ते झाकण दोन धडधाकट हातांशिवाय उचललं जात नाही. ते आपटलं नाही, अलगद खाली ठेवलं गेलं. व्यवस्थापकांना हार चोरायचाच असता, तर तिजोरीतून कधीही नेता आला असता. आजच का चोरीला गेला? कारण आज त्याची पाठ दिसणार होती. पाठीवर काय असावं? आता सांगा, जिचा हात मानेमागे पोचतो, ती कडी पुढे कशाला आणेल? ती कल्पना सुचली पोचत नव्हता म्हणून. हार बाईंनी नाही, मावशींनी घडवला. कडीच्या पाठीवर त्यांची चिमणी आहे. ती जगाला दिसली असती, तर आईच्या नावावर चाललेलं सगळं कोसळलं असतं. पर्स उघडा.”

भाची उठली. दाराशी हवालदारीण उभी होती.

रुमालात गुंडाळलेला हार निघाला, सोबत एक छोटी कानस. पानाची पाठ घाईघाईत घासलेली. चिमणीचं शेपूट तेवढं उरलं होतं.

“मावशी, तू कबूल केलंयस ना?” भाचीचा आवाज चिरकला. “परत सांग यांना! तूच तर मला वाढवलंस!”

मावशींनी हार हातात घेतला. घासलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

“तुझ्या आईने नाव लावलं, तेव्हा वाटलं, मोठी बहीण आहे, असू दे. आज हार तुझ्या हातात पाहिला, तेव्हा वाटलं, लेकरू घाबरलंय, निस्तरू आपण. पण तू हे घासत बसलीस?” त्या थांबल्या. “आता नाही सांगणार.”

हवालदारीण भाचीला घेऊन गेली. खाली पाहुण्यांच्या गाड्या लागू लागल्या होत्या.

व्यवस्थापक घुटमळला. “मावशी, वाईट वाटतं हो. पण फलक, निमंत्रणं, सगळीकडे बाईंचंच नाव गेलंय. आजच्या दिवस तेच राहू दे. पुढे बघू काहीतरी.”

“तुमची बहीणसुद्धा हेच म्हणाली असेल ना?” इन्स्पेक्टर बाईंनी हळूच विचारलं.

“शब्द न् शब्द,” मावशी म्हणाल्या. “तेव्हा मी हो म्हणाले होते. आज नाही.”

त्या उठल्या, आणि पाहुणे चढत होते त्या जिन्याने, त्यांच्या मधूनच, खाली उतरू लागल्या.