तीन तिरक्या रेघा

"पोतं त्या कोपऱ्यात ठेवा आणि दुसरं आणा," भट्टीत डोकं घालूनच मी म्हटलं.

त्यानं ठेवलं. दुसरंही आणलं. तिसऱ्याच्या वेळी मात्र धापा टाकत म्हणाला, "अजून किती आहेत हो? नाही, म्हणजे... मी खरं तर भोपळ्याचं विचारायला आलो होतो."

मी वळले. समोर एक उंच, पुसट आकृती, आणि तिच्या खांद्यावर पिठाचा पांढरा पट्टा. पीठवाल्याचा खरा हमाल बाहेर गाडीला टेकून चहा पीत होता आणि मजा बघत होता, हे नंतर कळलं. भट्टीसमोर चष्म्यावर वाफ धरते, म्हणून माझा चष्मा खुंटीवर असतो. खुंटीवरच्या चष्म्यातून काय डोंबल दिसणार!

"तुम्ही कोण?"

"समोरचा चष्मेवाला." जरा थांबून म्हणाला, "म्हणजे आपली ओळख लवकर व्हायला हवी होती."

मी हसले नाही. म्हणजे, त्याला दिसेल असं हसले नाही.

माझ्या आईनं पाच मिनिटांत त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. समोरच्या दुकानातले म्हातारे चष्मेवाले उन्हाळ्यात गेले, त्यांचा हा पुतण्या. दुकान आवरायला आलेला. पानगळीचा सण झाला की घरमालकाच्या हातात किल्ली ठेवणार आणि परत शहरात जाणार, तिथं नोकरी ठरलेली. "काका दर सणाला मला शहरात भोपळ्याचा पाव पाठवायचे," तो म्हणाला. "यंदा कोण पाठवणार? म्हटलं, आपणच करून बघावा. भोपळा उकडलाय कालच."

"उकडला?" आईनं कपाळावर हात मारला. "पाण्यात?"

दुसऱ्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी दुकान बंद करून यायला लागला. भोपळा भट्टीत भाजायचा, गर फडक्यात बांधून टांगायचा, पाणी निथळू द्यायचं, मग लोणी, साखर आणि दालचिनी घालून आटवायचा. हे सगळं आईनं शिकवलं. पीठ मळायला शिकवणं माझ्याकडे होतं.

"हलक्या हातानं," मी सांगायचे. "कुणाचा राग काढताय त्याच्यावर?"

"चष्म्याचे स्क्रू बसवतो मी. माझा हात हलकाच आहे."

"मग हा पाव एका बाजूला का कललाय?"

"तो तुमच्या बाजूला कललाय," तो म्हणायचा, आणि मी उगाच पळी शोधायला लागायचे. पळी माझ्या हातातच असायची.

एकदा पाऊस होता, तर आईच्या गप्पांना ऊत आला. आमच्या गल्लीत भट्टी एकच. सणाच्या आदल्या दिवशी घराघरांतून सारण भरलेले कच्चे पाव फळ्यांवर मांडून आमच्याकडे येतात. सरमिसळ होऊ नये म्हणून प्रत्येक घर पावावर सुरीनं आपली खूण काढतं. शिंप्यांची कात्री, डॉक्टरीणबाईंचं पान, म्हाताऱ्या चष्मेवाल्यांचे दोन गोल. आमच्या तीन तिरक्या रेघा.

"घर बदललं तरच खूण बदलते," आई म्हणाली. "शिंप्यांची सून माहेरी चांदणी काढायची, आता कात्री काढते. डॉक्टरीणबाईंचा जावई तर सासरीच राहायला आला, तोही मुकाट पान काढतो."

"असं आहे होय..." तो म्हणाला. बराच वेळ सुरीची धार बघत बसला.

सण जवळ येत चालला. रोज त्याचा एक पाव भाजून निघायचा, तो मला तुकडा मोडून द्यायचा आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. "राहा ना इथंच," असं अगदी ओठांवर यायचं माझ्या. आणि बाहेर पडताना त्याचं व्हायचं, "मीठ जास्त झालंय."

"उद्या कमी घालतो," तो म्हणायचा आणि दारातली छत्री उचलायचा.

आदला दिवस उजाडला. सकाळपासून फळ्यांची रांग, काकवांचा कलकलाट, "माझे आधी घाल गं." भाजलेल्या पावावरची खूण मी अंगठ्यानं ओळखते, डोळ्यांची गरज नसते. कात्री... पान... कात्री. दोन गोल काही येईनात. शेवटची खेप संध्याकाळी निघाली. सगळे आमच्याच घरचे पाव. अंगठा फिरवत गेले. तीन रेघा, तीन रेघा... आणि एका पावापाशी थबकले. कललेला, शिवण उसवलेली, सारण बाहेर येऊन करपलेलं. असला पाव मी मेले तरी केला नसता.

आणि त्याच्यावर तीन तिरक्या रेघा.

तो दारातच होता. छत्री मिटायची विसरून आत आला होता.

"खूण चुकली तुमची," मी म्हणाले. आवाज आपला नेहमीसारखा ठेवायचा प्रयत्न केला. "ही आमच्या घरची आहे."

"माहीत आहे." त्यानं छत्री मिटली. "चुकली असेल तर सांगा. उद्या किल्ली देऊन टाकतो. आणि चुकली नसेल..."

मी खुंटीवरचा चष्मा काढून डोळ्यांवर लावला, तर त्यावर लगेच वाफ! त्यानं तो अलगद काढला, खिशातल्या मऊ फडक्यानं पुसला आणि माझ्या कानांवर नीट बसवला. हात खरंच हलका होता त्याचा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्याला स्पष्ट पाहिलं. डाव्या भुवईत पीठ होतं.

मग मी पावाकडे पाहिलं. "तिसरी रेघ उलटी तिरकी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पुढच्या वर्षी नीट काढा."

त्याला कळायला जरा वेळ लागला. कळलं, तेव्हा छत्री हातातून खाली पडली.

"अगं, आपल्या घरचा पाव आहे ना तो?" आतून आई ओरडली. तिचे कान फार तिखट. "मग गार कशाला करतेस? मोडा की!"

त्यानं पाव मोडला. वाफ आली, दालचिनीचा वास आला. मी घास तोंडात घातला... आणि थांबले.

"काय झालं?"

"मीठच नाही यात."

"नाहीच घातलं. रोज जास्त होतं म्हणत होतीस."

'होतीस' म्हणाला तो. पहिल्यांदाच.

"मीठ कधीच जास्त नव्हतं," मी म्हटलं.

"मग रोज काय सांगत होतीस?"

"राहा म्हणत होते."