दोन माणसांची उष्णता

सकाळचं ऊन त्या खोलीत घाईनं येत नसे. आधी ते कपाशीच्या शेतांवर रेंगाळे, पूर्वेच्या खिडकीच्या गजांशी थबके, मग परक्या घरात पाऊल टाकावं तसं संकोचत शहाबादी फरशीवर उतरे. तिथून टेबलाच्या पायाशी, टेबलावरच्या आकडेमोडीच्या यंत्राशी, आणि शेवटी महादेवीच्या हिरव्या काकणांशी येऊन पोचे. रोजचंच ऊन. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. सूर्यभान मात्र पाहत राही.

परभणीच्या त्या संशोधन केंद्रात अठ्ठ्याहत्तरच्या अखेरीस संगणक येणार होता. त्याची खोली बारमाही गार कशी राखायची, याचा आराखडा करायला औरंगाबादच्या कचेरीनं या अबोल तरुण इंजिनियरला धाडलं होतं. पहिल्याच दिवशी फरशीवर खडूनं उन्हाची कड आखत तो मागे सरकला, आणि पाण्याचा तांब्या घेऊन येणाऱ्या महादेवीवर आदळला. तांब्या त्याच्या शर्टावर रिता झाला.

"घ्या," ती म्हणाली होती, "खोलीच्या आधी सायबच गार झाले."

ती जिंतूरची, पुढे संगणक तीच चालवणार होती. त्या दिवसापासून 'अजून एक सकाळ मोजायला हवी' असं स्वतःला बजावत तो मुक्काम लांबवत होता. आज मात्र कचेरीची तार आली होती — आराखडा घेऊन दुपारच्या एसटीनं निघा. आणि मनातलं तर ओठांवर अजून आलंच नव्हतं...

"जायच्या दिवशीबी काय मोजायलात?" महादेवीनं विचारलं.

"खोलीत उष्णता किती होते ते. यंत्राची, दिव्यांची... माणसांची."

"माणसांचीबी?"

"नुसतं बसलेलं माणूससुद्धा एका मोठ्या दिव्याइतकी उष्णता देतं."

"अगं बाई. मग माणसं किती धरलीत?"

"दोन."

"यंत्रावर तर मी एकटीच बसणार." तिची काकणं थांबली. "दुसरं कोण?"

"धरावं लागतं... एखादं."

"एखादं म्हंजे? कुणीबी चालतंय?"

"नाही," तो फरशीकडे पाहत म्हणाला. "कुणीही नाही चालत."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाली, "हिशोबात धरलेला माणूस एसटीत बसून गेला, तर खोली उगंच जास्त गार पडंल. मला लय हिव वाजतं, सूर्यभान."

तिनं 'सायब' म्हटलं नव्हतं. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"गारव्याची यंत्रं बसवायचं काम मी मागून घेतो," तो म्हणाला. "इथं राहावं लागेल... बरेच महिने."

"संगणकासाठी?"

"तुमच्यासाठी."

ती खिडकीकडे वळून हसली. पाठमोरी असूनही त्याला ते कळलं. आराखड्याचं काम मागच्याच आठवड्यात संपलं होतं.