'नाव सांगा बघू!'

ही गोष्ट माझ्या धाकट्या मावशीची. विश्वास ठेवा, नका ठेवू. पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही.

काकांचं सर्वेक्षणाचं छोटं ऑफिस होतं, घराच्याच खालच्या मजल्यावर. मावशी त्यांची दुसरी बायको. पहिली आजारपणात गेली. ती आकडेवारीचे प्रोग्राम लिहायची, आणि काका अजूनही तिचाच प्रोग्राम वापरायचे.

तो सुरू केला की पडद्यावर एक चौकट यायची.

'नाव सांगा बघू!'

तिथे जे टाइप करू, ते एका मॅक्रो व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एका कप्प्यात, जाऊन बसायचं. मग अहवालात जिथे जिथे नावाची जागा, तिथे तिथे तेच उमटायचं.

मावशीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"बाकीच्यांच्या सवती फोटोत गप्प बसतात. ही रोज माझ्या नवऱ्याशी लाडात बोलते!"

"अगं, प्रोग्राम आहे तो," काका हसायचे. "पण हात नको लावूस हं त्याला."

हेच तिला झोंबलं.

एका रविवारी भर दुपारी काका वर झोपले होते. मावशी खाली आली. तीही त्याच विषयात शिकलेली. चौकट दाखवणाऱ्या ओळी तिने शोधल्या आणि पुसून टाकल्या. प्रोग्राम पुन्हा चालवला.

आणि…

चौकट आली.

तिने पुन्हा पाहिलं. ओळी नव्हत्या.

तरी तिने स्वतःचं नाव टाइप केलं. अहवाल उघडला.

पानापानावर… त्या बाईचं नाव.

भीतीपेक्षा मत्सर मोठा निघाला. "तुझंच नाव हवंय ना? घे!" म्हणत तिने प्रोग्राम पुन्हा चालवला आणि चौकटीत तेच नाव टाइप केलं.

चौकट मिटली.

या वेळी अहवाल आलाच नाही. डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईना. रस्त्यावरचाही येईना.

मग वरून काकांची हाक आली. अगदी सहज, रोजच्यासारखी…

त्या बाईच्या नावाने.

मावशी धावत वर गेली. "काय म्हणालात तुम्ही?"

काका गोंधळले. "तुलाच हाक मारली की! तुझ्याच नावाने!"

ते शपथेवर सांगत होते. खोटं बोलणारा माणूस नाही तो.

दुसऱ्या दिवशी शेजारणीने तिला त्याच नावाने हाक मारली. मग कुरिअरवाल्याने. त्याने तर पहिलीला कधी पाहिलंही नव्हतं.

मावशी चिडली, भांडली, रडली. "माझा नवरा घे, घर घे, पण माझं नाव तरी सोड!" असं रिकाम्या ऑफिसात ओरडलीसुद्धा.

ती चौकट पुन्हा कधी आली नाही.

परवा मी मावशीला फोन केला. तिने उचलला, आणि माझ्या तोंडून त्या बाईचं नाव निघून गेलं. मी जीभ चावली. आता ही रडणार, नाहीतर फोन आपटणार…

पलीकडून शांत, गोड आवाज आला.

"हं, बोल ना गं."

आवाज मावशीचाच होता. असावा.

मी अजून पुन्हा फोन केलेला नाही.