गोपेंगच्या गुहेत

"इथे कोणी बसतंय?"

अनुयाने मान वर केली. बसमध्ये तिच्याशेजारची तेवढीच जागा रिकामी होती. ती सिंगापुरातल्या नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात डॉक्टर आहे हे कळताच सहलीतल्या स्मितावहिनींनी आपल्या मुलीला तिथून उठवून मागे नेलं होतं. सार्सची साथ सरून काही महिने झाले होते... तरीही.

"बसा. पण मला सार्स होऊन गेलाय," ती तुटकपणे म्हणाली.

"अरेरे! मग खिडकीची जागा मागता येणार नाही—" तो हसला, आणि बसला.

त्याचं नाव मुकुल. सिंगापूरच्याच चोआ चू कांग भागात राहणारा इंजिनिअर. सिंगापूरच्या मराठी मंडळींची ही सहल मलेशियातल्या गोपेंगला निघाली होती. कथिलाच्या जुन्या खाणींचं गाव ते. खाणी बंद पडून खड्ड्यांची हिरवट तळी झाली होती.

आधी सगळे जवळचा अर्धवट राहिलेला किल्ला बघायला गेले. "एका मळेवाल्याने बायकोसाठी बांधायला घेतला," गाइड सांगत होता. "पुरा व्हायच्या आतच तो परदेशात न्यूमोनियाने गेला."

अनुया तडक बाहेर आली. मुकुलही मागोमाग आला.

"क्षिप्रा... माझी मैत्रीण," तिला धड बोलवेना. "आम्ही सार्सच्या एकाच वॉर्डात काम करायचो. एकदमच आजारी पडलो. ती शेजारच्याच खाटेवर... न्यूमोनियानेच गेली."

पाण्याची बाटली उघडून त्याने पुढे केली.

दुपारी सगळे गोपेंगची गुहा चढू लागले, तेव्हा पायऱ्या संपता संपेनात. मंडळी पुढे गेली. अनुया धापा टाकत खालीच बसली.

"तुम्ही जा. माझी फुप्फुसं आता पूर्वीसारखी होणार नाहीत. एक स्थळ त्यावरूनच परत गेलं. पुढच्या आठवड्यात मी कायमची पुण्याला चाललेय."

"वर मोठं दालन आहे म्हणे."

"मग बघून या ना!"

"राहू दे." तो तिच्याशेजारी ओल्या पायरीवर बसला. छतातून पाणी ठिबकत होतं. "पुण्याला आलो तर... भेटशील?"

"माझी दया येतेय?"

"येतेय थोडी. पण दयेपोटी माणूस एवढा घाबरतो का? नाडी बघ माझी—"

सवयीने तिने त्याची नाडी धरली. केवढी जलद! मनगट सोडायचं मात्र तिला सुचलंच नाही... आणि क्षिप्रा गेल्यापासून पहिल्यांदाच तिला रडू फुटलं. रडतानाही दम लागत होता.

"भेटेन," डोळे पुसून ती म्हणाली. "पण माझ्याबरोबर सावकाश चालावं लागेल."