मागे कोणी बसतं का?

गतिरोधकावर गाडी उडाली, ते रोजचंच होतं. आज मात्र मागे बांधलेला बटणांचा डबाही उडाला.

भिंगरीने करकचून ब्रेक दाबला आणि मागे वळून पाहिलं. अगं बाई! रस्ताभर बटणं. पांढरी, काळी, चार भोकांची, दोन भोकांची, आणि त्यातली काही तर आमंत्रण असल्यासारखी समोरच्या गॅरेजात घरंगळत गेलेली. भिंगरी हे तिचं घरचं नाव. एका जागी पाच मिनिटं बसली तर शपथ, म्हणून पडलेलं. पोटापाण्यासाठी ती शिवणाच्या दुकानात मापं घ्यायची, कापड बेतायची. तिथे तिचा हात कसा स्थिर असायचा ते तिच्या आईलाही खरं वाटलं नसतं.

ती बटणं वेचत गॅरेजच्या दारापर्यंत पोचली, तर आत एकजण गुडघ्यांवर बसून कपाटाखालची बटणं काढत होता. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हाताला तेल, आणि तळहातावर तिची सात-आठ बटणं.

"ही तुमची," तो म्हणाला. "गाडी मात्र तुमची नाही."

"म्हणजे? चोरीची वाटते की काय?"

"चोरीची नाही हो... दुसऱ्याच्या मापाची. रोज सकाळी तुम्ही इथून जाता आणि ती अशी आपटते की माझ्या दाढा हलतात."

"रोज ऐकता?"

"आवाज ऐकतो," तो घाईने म्हणाला, "गाडीचा."

त्याच्या कानांच्या पाळ्या लालभडक झाल्या. भिंगरीने ते पाहिलं, आणि उरलेली बटणं मुद्दाम सावकाश वेचली.

गावभर त्याला शॉकवाला म्हणत. इंजिनाला तो हात लावायचा नाही. नुसते धक्के झेलणारे शॉकअप उघडायचे, धुवायचे, स्प्रिंगा बदलायच्या, आणि गाडी बसणाऱ्याच्या अंगाला बेतून द्यायची. गॅरेज त्याच्या आत्याचं. आत्या लोखंड कातायच्या लेथवर बसायची, आणि तिची जीभ लेथपेक्षा धारदार होती.

"ही गाडी आधी कोण चालवायचं?" शॉकवाल्याने सीटवर तळहात दाबत विचारलं. गाडी तसूभरही दबली नाही.

"दादा. सख्खा भाऊ माझा."

"अंगाने कसे आहेत?"

"दादा म्हणजे... कपाट. तीन दारांचं."

तो खळखळून हसला. "मग बरोबर. कपाटासाठी कडक स्प्रिंगा बसवल्यात. तुम्ही बसलात तरी गाडीला पत्ताच लागत नाही कोणी बसलंय म्हणून. खड्डा आला की चाक दबत नाही, उडतं. उडालेलं चाक रस्ता धरणार कसं? सरळ रस्त्यावर एक वेळ चालून जाईल. पण वळणात..."

भिंगरीचं हसू एकदम मावळलं. वळणाचं नाव काढलं की तिचं असंच व्हायचं.

आता हे सांगायलाच हवं. गावाबाहेरच्या टेकडीवर दर वर्षी चढाची शर्यत व्हायची. एकेकाने निघायचं, माथ्यावर पोचायचं, ज्याला सगळ्यात कमी वेळ लागला तो पहिला. दादाने ती याच लाल गाडीवर जिंकली होती आणि त्याची वेळ अजून कोणी मोडली नव्हती. पुढे दादाची पाठ दुखायला लागली, गाडी भिंगरीकडे आली. पहिल्याच वर्षी, जिथे समोरचं दिसावं म्हणून मोठा गोल आरसा लावलाय ना, त्या आरशाच्या वळणावर ती गाडीसकट गवतात गेली. हातपाय शाबूत राहिले, पण नाव गेलं. गाडी उड्या मारते, वळत नाही, असं ती सांगायला गेली, तर दादाने सगळ्यांसमोर सुनावलं, "नाचता येईना अंगण वाकडं! याच गाडीवर मी जिंकलोय. घाबरतेस तू, दुसरं काही नाही." आणि यंदा शर्यतीच्या दिवशीच त्याने गाडीला गिऱ्हाईक बोलावलं होतं. भिंगरी पुन्हा पडली, की गाडी गेली.

गाडी जाण्याचं दुःख होतंच. पण खरी सल वेगळी होती. ऐकून ऐकून तिलाही वाटायला लागलं होतं, की असेन मी भित्री...

"द्या इकडे गाडी," शॉकवाला म्हणाला. "कोण भित्रं आहे ते बघू. तुम्ही की स्प्रिंग."

मग काय! दुकानातून सुटली की भिंगरी गॅरेजात. त्याने पुढचे शॉकअप उघडले, त्यातून डांबरासारखं तेल निघालं. कडक स्प्रिंगा जाऊन नरम आल्या. बाहेर पत्र्यावर पावसाची भुरभुर, आत तेलाचा आणि साबणाचा वास, आणि तो समजावत असायचा. दबलेली स्प्रिंग झटकन परत आली तर गाडी उधळते, फार रेंगाळली तर पुढच्या खड्ड्याला तयार नसते. हा एवढासा स्क्रू ते ठरवतो. बोलताना तो स्क्रूकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त बघायचा. तिला ते कळायचं. तिला कळतं हे त्याला कळायचं नाही, एवढा तो साधा.

"एक विचारू?" एकदा तो म्हणाला. "मागे कोणी बसतं का?"

"हे गाडीसाठी विचारताय, की..."

"गाडीसाठी! वजन वाढतं, मागची स्प्रिंग घट्ट करावी लागते."

"नाही बसत कोणी," भिंगरी म्हणाली. "अजून तरी."

लेथवरून आत्या इतक्या जोरात खोकली की दोघंही दचकले.

शेवटी माप घ्यायचा दिवस आला. पूर्ण पोशाखात, हेल्मेट घालून गाडीवर बसायचं, दोन्ही पाय वर घ्यायचे. एकाने गाडी धरायची, दुसऱ्याने टेपने मोजायचं, की बसणाऱ्याच्या वजनाने ती किती दबते. आत्याने टेप घेतली. शॉकवाला समोर उभा राहिला, हँडल दोन्ही हातांनी धरून.

"पाय वर घ्या."

"पडले तर?"

"मी धरलंय ना."

त्या वळणानंतर भिंगरीने थांबलेल्या गाडीवरसुद्धा दोन्ही पाय कधी उचलले नव्हते. तिने डोळे मिटले, उचलले. गाडी हललीसुद्धा नाही. डोळे उघडले तर त्याचा चेहरा हातभर अंतरावर... आणि आता त्याहूनही जवळ. छातीत असं धडधडत होतं की इंजिन चालू राहिलंय का, अशी तिला शंका आली.

"झालं मोजून!" आत्या ओरडली. "पुढून जरा जास्तच दबते रे."

"घट्ट करतो," शॉकवाला म्हणाला, कुठेतरी दुसरीकडूनच.

दुसऱ्या दिवशी भिंगरी हवेत तरंगत टेकडीवर गेली. शर्यतीला दोनच दिवस उरले होते. पहिली वळणं लोण्यासारखी गेली. मग आरसा आला. तिने गाडी झुकवली, आणि गाडीचं तोंड वर! वळायचं सोडून गाडी बाहेर, थेट गवताकडे सरकायला लागली. ब्रेक, तिची किंकाळी, आणि कशीबशी ती काठावर थांबली. पडली नाही एवढंच.

गॅरेजात येऊन तिने हेल्मेट बाकावर ठेवलं. "दादाचं खरं आहे. नव्या स्प्रिंगा, नवं तेल, सगळं झालं. आता दोष कुणाला देऊ? भित्री मीच आहे." आणि इतका वेळ आवरलेलं रडू एकदाचं फुटलं.

शॉकवाला गाडीभोवती तीनदा फिरला. स्प्रिंगा तपासल्या, तेल तपासलं, स्क्रू तपासला. सगळं जागच्या जागी. "कळत नाही मला," तो म्हणाला. त्याचा चेहरा एवढासा झाला होता. "माझ्या हातून असं कधी होत नाही."

भिंगरी डोळे पुसता पुसता थांबली. कपडा अंगाला बसला नाही, की ती दुकानात शिलाईला दोष देत नसे. आधी माप बघायची. पोट आत ओढून माप देणारी गिऱ्हाइकं तिने काय कमी पाहिली होती? आणि तिला तो क्षण आठवला. हातभर अंतरावरचा चेहरा. आधी हातभर होता, मग... वीतभर!

"एक विचारू?" ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही हँडल धरलं होतंत, की त्यावर टेकला होतात?"

गॅरेजात लेथ बंद झालं.

शॉकवाल्याने खाली पाहिलं, मग वर, मग पान्याकडे. कान तर पेटलेच होते. "टेकलो होतो..." तो पुटपुटला. "बहुतेक... बराच."

"का?"

"समोर तुम्ही होता."

एवढंच. पण त्या तीन शब्दांनी भिंगरीच्या मनातलं वर्षभराचं मळभ असं फटकन उडालं की विचारू नका. म्हणजे गाडी दबली ती त्याच्या वजनाने, आणि माप लागलं तिच्या नावावर. ते धरून त्याने पुढची स्प्रिंग नको तितकी घट्ट केली, म्हणून तोंड वर, म्हणून गाडी बाहेर. ती भित्री नव्हती. नव्हतीच!

"मेल्या!" आत्या लेथमागून उठली. "पोरीचा जीव गेला असता! बाजूला हो. आता मी धरते, आणि तू खाली बसून मोज. भिंतीकडे तोंड करून मोजता आलं तर तसं मोज."

"टेप माझी घ्या," भिंगरीने गळ्यातली काढून दिली. रडून लाल झालेलं नाक आणि तोंडभर हसू. तिने दोन्ही पाय उचलले, या वेळी डोळे न मिटता.

शर्यतीच्या दिवशी माथ्यावर दादा घड्याळ घेऊन उभा, शेजारी गाडीचं गिऱ्हाईक. खाली निशाण पडलं आणि भिंगरी सुटली.

खड्डे येत होते, पण ते गाडीच्या चाकांपर्यंतच. वर तिच्यापर्यंत नुसती खबर यायची. पुढचं चाक रस्त्याला असं चिकटलेलं, जणू त्याला सोडायचंच नव्हतं. आणि मग आरसा आला. कठड्यामागे आत्या आणि शॉकवाला उभे होते, त्याने हाताची घडी घट्ट आवळलेली. भिंगरीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ब्रेकवर बोटही ठेवलं नाही. तिने गाडी झुकवली, अजून झुकवली, आणि गोल आरशात तिला दिसलं, एक लाल गाडी आणि तिच्यावर एक निवांत मुलगी, रस्त्याच्या मधोमध. पुढच्या क्षणी वळण मागे पडलं होतं. हेल्मेटच्या आत ती मोठ्याने ओरडली, "जमलं!"

माथ्यावर दादाने घड्याळाकडे पाहिलं. कानाशी नेऊन हलवलं. "बंद पडलं वाटतं."

"चालू आहे, दादा."

"मग माझी वेळ..."

"मोडली."

मग त्या तीन दारांच्या कपाटाने बहिणीला उचललं आणि गरगर फिरवलं, पाठदुखी गेली खड्ड्यात! खाली ठेवल्यावर तो स्वतः गाडीवर बसला. गाडी भसकन खाली गेली.

"अगं, ही तर पार मऊ करून टाकलीस!"

"मऊ नाही, माझ्या मापाची केली."

दादा उतरला. मान खाजवली. सगळ्यांसमोर बोलला होता, म्हणून सगळ्यांसमोरच म्हणाला, "अंगणच वाकडं होतं, बये. नाचता तुला येत होतं. मी उगाच बोललो." मग गिऱ्हाइकाकडे वळून, "तुम्ही कशासाठी थांबलाय? गाडी विकायचीय असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

तेवढ्यात आत्याची स्कूटर धापा टाकत वर आली आणि शॉकवाला ती थांबायच्या आतच उतरला.

"माझ्याकडे बघितलंही नाहीत," तो म्हणाला.

"बघितलं असतं तर गाडी बाहेर गेली असती. तुमच्यापायी एकदा गेलीय, तेवढं पुरे." भिंगरीने हेल्मेट काढलं. केस विस्कटलेले, डोळे लखलखीत. "आणि सेटिंग बदलायचंय."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "का? काय चुकलं?"

"काही नाही. मागे कोणी बसतं का, असं विचारलं होतंत ना? तेव्हा बसत नव्हतं." ती थांबली. आरशाच्या वळणावर न घाबरलेली मुलगी इथे जराशी घाबरली, पण म्हणालीच. "आता बसणार आहे. मला आवडतोस तू. येतोस?"

शॉकवाल्याने खिशातून पाना काढला, तिथेच रस्त्यात गुडघ्यांवर बसला आणि मागची स्प्रिंग घट्ट करायला लागला. पाना दोनदा निसटला.

"पाना खिशात घेऊनच आलास?" आत्याने विचारलं. "म्हणजे परत जाताना मी एकटीच, हे ठरलेलंच होतं तर!"

उतारावर ऊन पडलं होतं, रस्ता नुकताच धुतल्यासारखा. भिंगरीने गाडी चालू केली. तो मागे बसला, पाठ ताठ, हात स्वतःच्याच गुडघ्यांवर.

"ऐक ना..." पहिलं वळण यायच्या आत तो तिच्या कानाशी म्हणाला. "थोडं टेकलो तर चालेल?"

"दोघांच्या मापाचं केलंस ना?"

"केलं."

"मग टेक," भिंगरी म्हणाली, आणि तिने गाडी वळणात झुकवली.