मागे पडणारे घड्याळ

कोडे असे होते. भिंतीवरची दोन घड्याळे, एकाच दिवशी एकाच दुकानातून आणलेली. बनावट सारखी, सेल दोन्हींत नवे. एक टांगले बोरदरा गावच्या शीतगृहाच्या कचेरीत, दुसरे आत, द्राक्षांच्या पेट्या रचलेल्या थंड कोठीत. महिन्याने पाहावे तर बाहेरचे बरोबर आणि आतले जवळजवळ मिनिटभर मागे. पुढच्या महिन्यात पुन्हा तेवढेच. घड्याळांची अदलाबदल केली, तरी जे आत जाई ते मागे पडे.

बारा वर्षांच्या जुईला हे कोडे पडले, तेव्हा घरात कोडी सोडवण्याच्या मनःस्थितीत कोणीच नव्हते. तिच्या आईचा, शलाकाचा, अकरा दिवस पत्ता नव्हता.

एप्रिलची पहिली तारीख होती. जुईचे बाबा, संदेश डुंबरे, शीतगृहाचे व्यवस्थापक. घरात बसवेना म्हणून ते चौथ्या दिवसापासूनच कामावर येऊ लागले होते. स्वेटर घालून, कोठीत स्टुलावर चढून ते घड्याळाचा काटा पुढे सरकवत होते.

“सेल बदला ना, बाबा.”

“मागच्याच महिन्यात बदललाय. थंडी बाधते त्याला.”

“थंडी माणसाला बाधते. घड्याळाला कशी बाधेल?”

“आबांना विचार,” बाबा म्हणाले आणि लगेच थांबले. “नको. आज काही विचारू नकोस त्यांना. डबा तेवढा दे, आणि खातात का बघ. कालचा जसाच्या तसा परत आलाय.”

आबा म्हणजे जुईच्या आईचे वडील, हेमंत औटी. गावामागच्या माळावर रेडिओ दुर्बीण होती. मोठाल्या जाळीदार ताटल्यांसारखे तीस अँटेना, आकाशाकडे तोंड करून उभे. ही दुर्बीण प्रकाश पाहत नाही, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी (डोळ्यांना न दिसणाऱ्या, आपल्या रेडिओपर्यंत आवाज पोचवणाऱ्या लहरी) टिपते. आबांनी चाळीस वर्षे तिथे काढली होती आणि निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती. या प्रसंगी त्यांना पुन्हा बोलावून घेतले होते.

प्रसंग असा. शलाका आणि तिचे दोन साथीदार ‘टिटवी’ नावाच्या छोट्या यानातून सूर्याकडून वाहत येणाऱ्या प्लाझ्माचा अभ्यास करायला गेले होते. प्लाझ्मा म्हणजे इतका तापलेला वायू, की त्याच्या अणूंचे तुकडे होतात आणि विद्युतभार मोकळे वाहू लागतात. सूर्य असा प्लाझ्मा सतत फुंकत असतो. कधीकधी मात्र त्याचा एक अजस्र ढगच सुटतो. तसा ढग टिटवीवर आदळला. तिचा मोठा अँटेना जळाला, बोलणे थांबले, इंजिन भलत्याच वेळी सुरू होऊन ती वाटेवरून भरकटली.

असे झाले तर यानातली एक लहानशी पेटी आपोआप जागी होते. चालकाच्या खुर्चीमागे बसवलेली ही पेटी दर चाळीस सेकंदांनी एक हाक देते, सेकंदभर. बस, एवढेच. तीस अँटेनांनी ती हाक ऐकली की यान कुठे आहे ते कळते. चंद्राभोवती फिरणारे सुटका-यान चार माणसे घेऊन तयार होते, पण कुठे जायचे हेच त्याला ठाऊक नव्हते.

हाक मात्र फारच क्षीण. आकाशाचा आणि खुद्द यंत्रांचा खरखराट तिच्या दहापट मोठा.

“मग ती ऐकू कशी येणार?” जुईने पाचव्या दिवशी विचारले होते.

आबांनी तेव्हा एक फोडलेला चिंचोका तिच्या हातात ठेवला होता, एका बाजूने पांढरा, एका बाजूने काळा. “व्हरांड्यात उभी राहा. पांढरा पडला तर एक पाऊल उजवीकडे, काळा पडला तर डावीकडे. शंभर वेळा टाक.”

शंभर वेळा टाकून जुई कुठे पोचली? सुरुवातीपासून फक्त आठ पावले उजवीकडे. पुन्हा टाकले, तर बारा पावले डावीकडे.

“दहाच्या आसपासच राहशील,” आबा म्हणाले होते. “शंभराचं वर्गमूळ दहा. खरखराट असाच असतो, त्याचं कधी वर, कधी खाली. तो स्वतःलाच खोडत जातो. हाक मात्र प्रत्येक वेळी उजवीकडेच पाऊल टाकते. शंभर हाका, शंभर पावलं. आता आपण ध्वनिमुद्रणाच्या चाळीस-चाळीस सेकंदांच्या पट्ट्या कापतो आणि एकावर एक रचून बेरीज करतो. टिटवी रोज दहा तास आपल्या आकाशात असते. किती पट्ट्या?”

जुईने बोटांवर हिशेब केला. “नऊशे.”

“नऊशेचं वर्गमूळ तीस. खरखराट दहापट मोठा, म्हणून तीस गुणिले दहा, तीनशे. आणि हाक नऊशे. म्हणजे संध्याकाळी हाक खरखराटाच्या तिप्पट वर यायला हवी.”

यायला हवी होती. पहिले दोन दिवस वादळाच्या गोंगाटात काहीच मिळणे शक्य नव्हते. तिसऱ्या दिवसापासून रोज बेरीज होत होती आणि रोज पडद्यावर उमटत होती सपाट, केसाळ रेघ. ज्या पेटीवर एवढी मदार, ती हाक देतच नसावी, असे दुर्बिणीचे प्रमुख मेहेर सर परवा हळूच म्हणाले होते.

जुई डबा घेऊन पोचली तेव्हा आबा पडद्यासमोर बसले होते. पुढ्यातला चहा साय धरून गार झाला होता.

“आबा, खाऊन घ्या. बाबांनी सांगितलंय.”

“ठेव तिथं.”

“तुम्ही खाल्लं नाही तर मी इथनं हलणार नाही.”

“तुझी आई अशीच,” म्हणून आबांनी डबा उघडला. पहिला घास गिळेपर्यंत जुईने दम धरला. मग नको म्हटलेला प्रश्न तिच्या तोंडून निघूनच गेला.

“आबा, कोठीतलं घड्याळ मागे का पडतं?”

शिकवायची सवय अशी सुटत नाही. आबा चावता चावता सांगू लागले, “त्या घड्याळात क्वार्ट्झचा (गारगोटी ज्याची बनते त्याच खनिजाचा) बारीकसा चिमटा असतो. सेकंदाला हजारो वेळा थरथरतो. थरथर मोजायची, ठरावीक आकडा भरला की काटा एक सेकंद पुढे. हा चिमटा पंचवीस अंशांना सगळ्यात चलाख असतो. थंड झाला की अंमळ सावकाश थरथरतो. तेवढाच आकडा भरायला वेळ जास्त, म्हणून घड्याळ मागे. जितकं थंड, तितकं...”

घास तसाच हातात राहिला.

जुईच्या मनातही तेच आले होते. “टिटवीच्या पेटीतलं घड्याळ कशाचं आहे?”

“क्वार्ट्झचं.”

“मग ते पण मागे पडत असेल. तुम्ही चाळीसच्या पट्ट्या कापताय आणि ती हाक त्याहून उशिरा येतेय. सकाळची हाक एका जागी, संध्याकाळची सरकून भलतीकडे. एकीवर एक पडणारच नाहीत.”

“थंडीचा हिशेब धरलाय,” आबा म्हणाले. “घड्याळ खुर्चीमागे आहे. खुर्चीपाशी जितकी थंडी असू शकते, ती सगळी तपासली.”

“किती थंडीपर्यंत?”

आबांनी एक ओळ पडद्यावर आणली. *तापमानाची खालची मर्यादा : ५ अंश.*

“त्याच्याखाली का नाही?”

खिडकीबाहेर तीसही अँटेना एकदम किंचित वळले आणि थांबले.

“ही ओळ मी लिहिली, जुई. यंत्राला आणखी खाली तपासायला एका दुपारहून जास्त वेळ लागला नसता. पण खुर्चीपाशी शून्याखाली थंडी असेल, तर त्या खुर्चीत माणूस...” त्यांनी डब्याचे झाकण लावले. “मी जिवंत यानच शोधत होतो. दुसरं सापडू नये म्हणून बघितलंच नाही.”

जुई म्हणाली, “बघू या, आबा.”

आबांनी मर्यादा उणे शंभरावर नेली. यंत्र प्रत्येक दिवसाच्या पट्ट्या पुन्हा कापू लागले. घड्याळ दिवसाला दोन सेकंद मागे पडते असे धरून, मग तीन, मग चार. मेहेर सर येऊन मागे उभे राहिले. तेरा सेकंदांवर कालच्या सपाट रेघेतून एक सुळका वर आला. खरखराटाच्या तिप्पट.

“एवढा सुळका योगायोगानंही येतो,” सर म्हणाले.

“एकदा येतो,” आबा म्हणाले. “परवाचा दिवस लावा.”

परवाही तेराच. त्याआधीही तेरा. हाक येत होती. गेले कितीतरी दिवस ती दर चाळीस सेकंदांनी येत होती, आणि इथे कोणी ती ऐकली नव्हती.

कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. आबांनी कागदावर हिशेब मांडला. दिवसाला तेरा सेकंद, म्हणजे उणे एक्केचाळीस अंश.

“जागा कळली,” मेहेर सर खालच्या आवाजात म्हणाले. “पण उणे एक्केचाळीसमध्ये... औटी सर, तीन मृतदेह आणायला मोहिमेची समिती चार माणसं धोक्यात घालणार नाही.”

जुई यादीकडे पाहत होती. तिसरा दिवस, आठ सेकंद. चौथा, अकरा. पाचवा, तेरा. पुढे सगळे तेरा.

“आबा, यान पूर्ण बंद पडलं असतं, तर किती थंड झालं असतं?”

“त्या जागी उणे नव्वद. एकोणचाळीस सेकंद मागे.”

“मग ते तेरावर थांबलं कसं?” तिने विचारले. “आमच्या कोठीची वीज जाते ना, तेव्हा ती तापत जाते. बाहेरच्याइतकी होईपर्यंत तापते. मध्येच कुठे थांबत नाही. मध्ये थांबली तर बाबा म्हणतात, बघ, जनरेटर लागला. इथं पण कायतरी चालू आहे.”

आबांनी मान वर केली. यानाच्या पोटात एक वादळकोठडी होती. भोवती पाण्याच्या टाक्या असलेली, तिघे जेमतेम बसतील एवढी. प्लाझ्माच्या वादळात लपायची जागा.

“उरलेली सगळी ऊब कोठडीत वळवली असेल,” आबा म्हणाले. “तिथून झिरपेल तेवढीच खुर्चीपर्यंत.”

“नुसत्या बॅटरीची ऊबही असेल,” सर म्हणाले.

“असेल. पण बॅटरी रोज थोडी उतरते. सहा दिवस आकडा हलला नाही. कोणीतरी ऊब जपून वापरतंय, असं मला वाटतं.”

“हा पुरावा नाही, सर.”

“नाही. जाऊन बघायला पुरेसा आहे.”

समितीने दोन तास वाद घातला. बाराव्या दिवशी सुटका-यान निघाले. अकरा दिवसांचा प्रवास होता.

रोज संध्याकाळी जुई माळावरून शीतगृहात जाई आणि बाबांना फक्त आकडा सांगे. तेरा. तेरा. तेरा. बाबा मान हलवत आणि पेट्या मोजू लागत. सतराव्या दिवशी आकडा चौदा झाला. त्या दिवशी बाबांची मोजणी तीनदा चुकली. मग चौदावरच राहिला.

तेविसाव्या दिवशी सुटका-यान पोचले. ते टिटवीची हाक जवळून टिपून मोठ्याने पुढे धाडत होते, म्हणून आता दहा तासांच्या बेरजेची गरज नव्हती. निरोपाआधी आकडाच आला. दहा, मग सहा, मग दोन. कोणीतरी दार उघडून आत ऊब नेली होती. निरोप तासाभराने आला. दोघे जिवंत. शलाकाच्या डाव्या पायाची बोटे जाणार होती, पण ती बोलत होती. तिच्या दोन साथीदारांपैकी यानाचे चालक बरुआ सतराव्या दिवशी पहाटे गेले. कोठडीतली तीन माणसांची ऊब दोघांची झाली होती. जुईने बाबांना सांगितलेला तो चौदाचा आकडा हाच होता.

शोध तिसऱ्या दिवशीच लागला असता, तर यान पंधराव्या दिवशी पोचले असते. ती वजाबाकी जुईलाही येत होती. तिने ती मोठ्याने केली नाही. आबांनी केली. त्यांनी बरुआंच्या घरी पत्र लिहिले आणि त्यात ती ओळ लपवली नाही. पत्र टाकून आल्यावर त्यांनी जुईला पडद्यासमोर बसवले.

“ती मर्यादा बदल. यापुढे सगळ्या यानांचा शोध याच ओळीवरून होईल.”

“किती लिहू? उणे शंभर?”

“काही लिहू नकोस. ओळच काढून टाक.”

तिने ती काढून टाकली.

मे महिन्याच्या पहिल्या तारखेला बाबा कोठीत स्टुलावर चढले, पण काट्याला हात न लावताच खाली उतरले. “राहू दे. किती मागे पडलंय, मोज बघू.”

तीस दिवसांत एक्कावन्न सेकंद. आबांनी शिकवलेला हिशेब जुईने पेटीच्या पुठ्ठ्यावर मांडला. उत्तर आले एक अंश. दारावरचा तापमापक पाहिला, तर तोही एक दाखवत होता.

“आणि तिकडचं?” बाबांनी विचारले.

ती हाक देणारी पेटी आईने सुटका-यानात उशाशी ठेवून घेतली होती आणि बंद करू दिली नव्हती. परतीची वाट जाण्याच्या वाटेहून लांब होती, आणि त्या वाटेवरून ती अजून दर चाळीस सेकंदांनी माळावर ऐकू येत होती.

“शून्य,” जुई म्हणाली. “पंचवीस अंश. मागे पडत नाहीये.”