दोघांना मिळून एक कौल

चन्नम्मा देवळात शिरली तर तिच्या आधी एक तरुण पिंडीसमोर मांडी घालून बसला होता, आणि पिंडीला चिकटवलेलं त्याच्या कौलाचं फूल काही केल्या पडत नव्हतं.

चौऱ्याहत्तर सालचा श्रावणी सोमवार. या देवळात कौल लावायला लांबलांबून लोक येत. रेल्वेचा संप मिटून दोन महिने झाले होते. चन्नम्माला स्थळ आलं होतं ते रेल्वेतलंच, कुर्डुवाडीचं. मुलाला पुन्हा कामावर घेतलं होतं, तरी अप्पांचं मन धजेना. गुडघा धरल्यामुळे त्यांना उठवत नव्हतं, म्हणून त्यांनी पोरीलाच पाठवलं. "कौल लावून ये. उजवीकडचं फूल पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. देव चुकत नसतो."

"लई वेळ झाला का हो?" तिनं विचारलं.

"पाऊण तास." तो वळला. डोळ्यांत हसू होतं. "देवाला माझा प्रश्न अवघड गेला वाटतं."

"असं काय विचारलंत?"

"लग्न करू का नको."

"कुणाशी?"

"कुणाला ठाऊक! मामानं ठरवलंय. मी अजून बघितलीबी न्हाय. आन् तुमचं?"

"माझं बी... तसंच हाय की."

दोघंही हसली. फरशी ओली होती. त्यानं आपल्या खालचं बसकर तिच्याकडे सरकवलं आणि स्वतः ओल्यात बसला. बोलताना तो तिच्याकडे बघे, की लगेच पिंडीकडे. चन्नम्माला ते फार आवडलं. अर्धा तास कसा गेला तिला कळलंही नाही.

शेवटी म्हातारे पुजारी गुरुसिद्धप्पा वैतागले. "अभिषेकाची वेळ झाली. आता दोगं मिळून एकदाच विचारा. जो कौल मिळंल तो दोगांचा!"

असला कौल कुणी ऐकला नव्हता, पण त्यांच्याशी वाद कोण घालणार? त्यांनी जुनी फुलं काढून नवी चिकटवली. चन्नम्मानं हात जोडले. घरून निघताना तिला होकार-नकाराचं काहीच नव्हतं. आता मात्र ती जिवाच्या आकांतानं म्हणत होती, डावं पडू दे, देवा... डावं! एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर शेजारचे ओठही 'डावं, डावं'च पुटपुटत होते. तिचे कान तापले.

उजवं पडलं.

बाहेर चपला घालताना तो म्हणाला, "नाव तरी सांगा..."

"आता कशाला?" ती म्हणाली, आणि घरापर्यंत स्वतःलाच बोल लावत गेली.

गुरुवारी कुर्डुवाडीची मंडळी आली. तीन दिवस चन्नम्मा देवावर रुसली होती. कौल असो नाहीतर आणखी काही, चारचौघांत नाही म्हणायचं, हे तिनं पक्कं केलं होतं. चहाचा ट्रे घेऊन ती खाली मान घालून बाहेर आली. तोंड उघडणार, एवढ्यात पाहुण्यांतून आवाज आला, "मामा, चहाच्या आधी मला बोलायचंय."

आवाज ओळखीचा होता.

"देवळात मला एक मुलगी भेटली," तो अप्पांना सांगत होता. "तिचं नाव-गाव काय ठाऊक न्हाय. पर तिला सोडून दुसरीशी लग्न करणं माझ्याच्यानं व्हायचं न्हाय. तुमच्या मुलीला फसवू नये म्हणून तोंडावर सांगतो."

मामांनी कपाळाला हात लावला. अप्पा लालबुंद झाले. "असल्या बिननावाच्या मुलीपायी माझ्या दारात बसून नकार देता? कोण हाय ती?"

चन्नम्मानं मान वर केली. त्यानं तिला पाहिलं, आणि तो ताडकन उभाच राहिला. तिला हसू आवरेना आणि रडूही. डावं मागितलं होतं तिनं. देवानं ऐकलं असतं तर हा माणूस आज या दारात आलाच नसता.

"अप्पा," ती म्हणाली, "ती मीच."